‘कैसर’ या नावाविषयी

(मंडळीच्या अभ्यासवर्गाकरिता. वाचावयाचे शास्त्रभाग: लूक २:१–७, मार्क १२:१३–१७, प्रेषितांची कृत्ये २५:१–१२, फिलिप्पैकरांस पत्र ४:२१–२२.)

खेड्यापाड्यांतून शास्त्राचे वर्ग चालविणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंस व बायबलबायांस ‘कैसर’ या नावाविषयी वारंवार अडचण पडते. आपल्या प्रभूच्या जन्मसमयी नावनिशी लिहिण्याची आज्ञा झाली ती कैसराची. प्रभूस कराविषयी पेच घालण्यात आला तेव्हा नाणे पुढे आले ते कैसराचे. पुढे पौलाने फेस्ताच्या न्यायासनापुढे उभे राहून दाद मागितली तीही कैसराकडेच. ऐकणारा मनुष्य सहजच समजतो की, हा एकच राजा असून तो फारच दीर्घायुषी असला पाहिजे. वस्तुतः हे तीन निरनिराळे पुरुष होत, आणि पहिल्या प्रसंगापासून तिसऱ्यापर्यंत साठांहून अधिक वर्षे लोटली आहेत. म्हणून हे नाव कोठून आले, त्याचे काय काय अर्थ झाले आणि ते आपल्या वऱ्हाडापर्यंत कसे येऊन पोहोचले, याचा विचार या पाठात करावयाचा आहे. विषय परदेशचा दिसतो खरा, परंतु आपल्या आयाबहिणींच्या तोंडी हे नाव दररोज असते, हे वाचकांस पुढे दिसून येईल.

प्रथम उच्चाराविषयी दोन शब्द. इंग्रजी शिकलेली मुले ‘सीझर’ म्हणतात आणि घरी शास्त्र वाचताना ‘कैसर’ ऐकून आजोबांस हसतात. त्यांनी हसू नये. प्राचीन रोमन लोक या नावाचा आरंभ ‘क’ या अक्षरानेच करीत. ग्रीक भाषेतील नव्या करारातही ते ‘कैसर’ असेच आहे. तेव्हा आजोबांचा उच्चार जुना असून नातवाचा मागाहूनचा आहे.

हे मूळचे कोणा राजाचे नाव नव्हे. रोम शहरातील यूल्य कुळाच्या एका शाखेस ते आडनावाप्रमाणे लागत असे. त्याच्या अर्थाविषयी प्राचीन ग्रंथकारांतच एकमत नव्हते. कोणी म्हणत, घराण्यातील एखादा पूर्वज दाट केसांचा होता. कोणी म्हणत, त्याचे डोळे करडे-निळे होते. कोणी सांगत की, त्याने युद्धात हत्ती मारला आणि आफ्रिकेतील एका भाषेत हत्तीस असे काही नाव होते. आणि चौथा पक्ष असा की, तो आईचे पोट कापून काढला गेला, व ‘कापणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून हे नाव पडले. यांपैकी केसांची गोष्ट प्रसिद्ध यूल्य कैसरास तर मुळीच लागू पडत नाही. त्यास टक्कल होते व त्याचे त्यास फार वाईट वाटे, असे त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेविले आहे. हत्तीचे चित्र मात्र त्याने आपल्या नाण्यावर छापविले होते. चौथ्या पक्षाकडे आम्ही पुढे वळणार आहोत. ‘कैसर’ म्हणजे ‘केसरी’, असेही कोणी आपल्याकडे सांगत असतात. परंतु दोन शब्दांचा ध्वनी जुळला एवढ्याने त्यांचे नाते सिद्ध होत नाही, आणि उपदेशकाने अशा व्युत्पत्तीवर प्रवचन उभारू नये.

आडनावाची पदवी झाली ती अशी. ख्रिस्तपूर्व ४४ या वर्षी यूल्य कैसराचा वध झाला. त्यास औरस वारस मुलगा नव्हता. मृत्युपत्रान्वये त्याने आपल्या बहिणीच्या नातवास दत्तक घेतले होते. त्या तरुणाने दत्तक बापाचे नाव धारण केले आणि सर्व प्रतिस्पर्ध्यांस जिंकून तो एकटा सत्ताधीश झाला. ख्रिस्तपूर्व २७ साली रोमच्या सभेने त्यास ‘औगुस्त’, म्हणजे ‘पूज्य’, अशी पदवी दिली. लूकाच्या दुसऱ्या अध्यायातील कैसर औगुस्त तो हाच. त्याने आपल्या पत्नीच्या पहिल्या घरच्या मुलास, म्हणजे तिबिर्यास, दत्तक घेतले. पुढे क्लौद्याने नीरोस दत्तक घेतले. इ. स. ६८ मध्ये नीरोने आत्मघात केला आणि ते घराणे संपले. परंतु नाव संपले नाही. त्याच्यामागून जे सिंहासनावर बसले त्यांचा त्या कुळाशी रक्ताचा अथवा दत्तकाचा काडीइतका संबंध नसता त्यांनी ‘कैसर’ हे नाव घेतले, कारण तोपर्यंत लोकांच्या मनात कैसर म्हणजेच राजा असे ठसून गेले होते. आपल्याकडे याच्या उलट घडले आहे. देशमुख, देशपांडे, पाटील ही मूळची वतनाची व कामाची नावे. वऱ्हाडात आज ती आडनावे होऊन बसली आहेत, आणि पाटील आडनावाच्या मनुष्याकडे पाटीलकी असतेच असे नाही. आपल्याकडे पदवीचे आडनाव झाले, रोमात आडनावाची पदवी झाली, एवढे सांगितले म्हणजे गावातील श्रोत्यास ही गोष्ट चटकन समजते.

दत्तकाविषयी येथेच थोडे अधिक सांगितले पाहिजे. पौलाने रोमकरांस पत्र लिहिले तेव्हा नीरो राज्य करीत होता, आणि तो राज्यावर आला होता तो दत्तक पुत्र या नात्याने. त्या शहरात राहणाऱ्यांस, दत्तक मनुष्य म्हणजे दुय्यम प्रतीचा, असे समजण्याचे कारणच नव्हते. सर्व जगातील मोठ्यात मोठे नाव त्याच वाटेने चालत आले होते. अशा लोकांस पौल रोम. ८:१५–१७ येथे सांगतो की, देवाने तुम्हास दत्तक पुत्र करून घेतले आहे व तुम्ही वारस आहा. आपल्या भागात हे वाक्य निराळ्या कानांनी ऐकले जाते. आपल्या शेजारच्या नागपूरचे भोसले राजे तिसरे रघूजी हे १८५३ साली निपुत्रिक वारले, घराण्याने केलेले दत्तक कंपनी सरकारने मानले नाही, आणि १८५४ साली राज्य खालसा झाले. दत्तकास कोणी नाकारील, हे भय आपल्या लोकांच्या स्मरणात आहे. ज्या बंधूंनी ख्रिस्ती झाल्यामुळे वडिलांच्या जमिनीचा वाटा किंवा भाऊबंदांच्या पंक्तीतील पाट गमावला, त्यांच्यापुढे हा भाग घेताना रोमातील दत्तकाची रीत अवश्य सांगावी. ती न सांगितल्यास ‘दत्तक’ हा शब्द त्यांस कमीपणाचा वाटण्याचा संभव आहे.

आता शास्त्रातील कैसर ओळखून घेऊ. जन्माच्या वेळचा औगुस्त. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची वाणी ऐकू आली ती तिबिर्याच्या पंधराव्या वर्षी (लूक ३:१); प्रभूची सेवा, कराचा प्रश्न व वधस्तंभ हे सर्व याच तिबिर्याच्या कारकिर्दीतील. अगब संदेष्ट्याने सांगितलेला दुष्काळ क्लौद्याच्या दिवसांत पडला (प्रे. कृ. ११:२८), आणि यहुदी लोकांस रोमातून घालवून देणाराही क्लौद्यच, त्याच्या हुकुमामुळे अक्विल्ला व प्रिस्किल्ला करिंथास आली व पौलास भेटली (१८:२). पौलाने ज्याच्याकडे दाद मागितली त्याचे नाव लूकाने दिलेले नाही. तो नीरो होय. पुढे ज्याने रोमातील ख्रिस्ती लोकांचा अनन्वित छळ केला तोच हा. पौलाने दाद मागितली तेव्हा छळास आरंभ झाला नव्हता, हे वर्गात सांगण्यास विसरू नये. नाहीतर पौलाने जाणूनबुजून लांडग्याकडे न्याय मागितला असे वाटेल.

गावांनाही हे नाव दिलेले होते. हेरोदाने समुद्रकाठी मोठे बंदर बांधून औगुस्ताच्या खुशामतीकरिता त्यास कैसरिया म्हटले. कर्नेल्याचे घर तेथे होते, आणि पौल दोन वर्षे कैदेत होता तोही तेथेच. दुसरी फिलिप्पाची कैसरिया, उत्तरेस हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी. ही दोन गावे एक समजण्याची चूक फार होते. ही दुसरी कैसरिया आम्हास विशेष विचार करण्याजोगी वाटते. ज्या गावाच्या प्रांतात दगडादगडावर कैसराचे नाव होते, तेथे प्रभूने शिष्यांस विचारले की, लोक मला कोण म्हणतात व तुम्ही कोण म्हणता. आणि पेत्राने त्यास ख्रिस्त व जिवंत देवाचा पुत्र म्हटले ते तेथेच (मत्तय १६:१३–१६). हे शब्द त्या ठिकाणी किती धाडसाचे होते ते तिबिर्याचे नाणे पाहिल्याने कळते.

ते नाणे म्हणजे रुप्याचा दीनार. दीनार हे रोमन नाव आपल्या संस्कृत ग्रंथांतही शिरले आहे, कारण त्या काळी रोमच्या व्यापाऱ्यांची गलबते आपल्या पश्चिम किनाऱ्यास लागत आणि पैठण व तेर येथील माल भडोचच्या बंदरातून त्यांच्याकडे जाई. तिबिर्याच्या दीनारावर त्याचा चेहरा असून भोवती लेख आहे. त्यात त्याने आपणास ‘देव झालेल्या औगुस्ताचा पुत्र’ म्हणविले आहे. प्रश्न विचारणारे लोक यहुदी असूनही असे नाणे मंदिराच्या अंगणात त्यांच्याजवळ निघाले, प्रभूजवळ निघाले नाही. त्यांनी विचारले होते की, कर द्यावा की न द्यावा. प्रभूने उत्तर देताना निराळे क्रियापद वापरले. मूळ ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘परत करणे, फेडणे’ असा आहे. ज्याचे चित्र ज्यावर आहे ते त्याचे त्यास फेडावे. कैसराचे चित्र धातूवर आहे. देवाचे चित्र कशावर आहे ते प्रभूने स्पष्ट बोलून दाखविले नाही, परंतु उत्पत्ति १:२७ ज्यास पाठ होते अशा कोणाही श्रोत्यास ते सांगावे लागत नव्हते. सातबाऱ्यावर ज्याच्या नावाची ओळही नाही अशा शेतमजुरास हा भाग शिकविताना उपदेशकाने येथेच अधिक वेळ घालवावा, कराच्या पावतीवर नव्हे.

आपले ‘ख्रिस्ती’ हे नावदेखील याच मुशीतून निघाले आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नाही. अंत्युखियात शिष्यांस प्रथम हे नाव मिळाले (प्रे. कृ. ११:२६). ग्रीक शब्दाच्या शेवटी जो प्रत्यय आहे तो लॅटिन भाषेतला असून त्याचा अर्थ अमक्याचा मनुष्य, अमक्याच्या पक्षाचा किंवा घरचा, असा होतो. कैसराच्या नोकरचाकरांस व पक्षकारांस याच रीतीने नाव देत. हेरोदाच्या पक्षाचे ‘हेरोदी’ शास्त्रात आलेच आहेत. तेव्हा अंत्युखियाच्या लोकांनी, बहुधा थट्टेनेच, ज्या घडणीने कैसराची माणसे म्हणत त्याच घडणीने ‘ख्रिस्ताची माणसे’ म्हटले. थट्टेचे नाव टिकले. आणि एका पिढीनंतर ते जिवावर बेतणारे नाव झाले. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात ज्या स्मुर्णा येथील मंडळीस पत्र आहे, तेथील वृद्ध अध्यक्ष पॉलिकार्प यास दुसऱ्या शतकाच्या मध्यास धरून नेले तेव्हा अधिकारी त्यास दुष्टपणाने नव्हे तर सहानुभूतीने समजावीत होते की, कैसरास प्रभू म्हणण्यात काय बिघडते. त्याने म्हटले नाही, व तो जाळला गेला. हा मनुष्य कर देण्यास नाही म्हणाला नव्हता. ‘प्रभू’ हा एक शब्द तेवढा त्याने कैसरास दिला नाही.

रोमचे राज्य मोडले, परंतु नाव दूरदूर गेले. पूर्वेकडील रोमन राज्य, ज्यास अरब व इराणी लोक ‘रूम’ म्हणत, त्याच्या राजास ते कैसर म्हणत. १४५३ साली तुर्की सुलतान दुसरा महंमद याने कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यावर त्याने स्वतः ‘कैसर-ए-रूम’ ही पदवी घेतली. अचलपूर, बाळापूर येथील आमच्या मुसलमान शेजाऱ्यांत ‘कैसर’ हे नाव मुलामुलींस ठेवितात ते याच मार्गाने आलेले. जर्मन लोकांत त्याचे ‘कायझर’ झाले, रशियात ‘झार’ झाले. मॉस्कोच्या चौथ्या इव्हानास १५४७ साली झार म्हणून राज्याभिषेक झाला. वर्षाच्या महिन्यांतही हे कुळ येऊन बसले आहे. जुलै हा यूल्य कैसराच्या नावाचा व ऑगस्ट हा औगुस्ताच्या नावाचा. वऱ्हाडचा शेतकरी डवरणीची मजुरी कोणत्या महिन्यात चुकती करावयाची ते ठरविताना दोन रोमन पुरुषांची नावे घेतो, व त्यास त्याचे काही वाटत नाही.

हिंदुस्थानात हे नाव प्रथम इंग्रजांनी आणले, ही समजूत खरी नाही. अटकेजवळ आरा येथे सापडलेल्या कुशाण राजा कनिष्काच्या शिलालेखात महाराज, राजाधिराज, देवपुत्र या बिरुदांबरोबर ‘कैसर’ हेही बिरुद विद्वानांनी वाचले आहे. तथापि आपल्या आजोबा-पणजोबांच्या कानी ते पडले ते इंग्रजी राज्यात. १८७६ साली पार्लमेंटने कायदा करून व्हिक्टोरिया राणीस नवी पदवी दिली. देशी भाषांत ती कोणत्या शब्दाने सांगावी असा प्रश्न पडला, तेव्हा लाहोरचे पंडित लायटनर यांनी ‘कैसर-इ-हिंद’ हा शब्द सुचविला. तो लोकांच्या कानास ओळखीचा होता आणि दिल्लीच्या कोणत्याही पूर्वीच्या बादशहाने वापरलेला नव्हता. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस दरबार भरवून ती पदवी जाहीर झाली. त्याच वेळी दक्षिणेत दुष्काळाने माणसे मरत होती. ‘राणीछाप’ रुपयावर तोवर ‘राणी’ असे होते, त्याच्या जागी ‘सम्राज्ञी’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द आला. जुन्या घरांतून गळ्यातील माळेत असे रुपये अजून आढळतात. वर्गात कराचा भाग घेताना मिळाल्यास एखादा आणून दाखवावा.

परंतु वऱ्हाडातील मनुष्याने त्या रुपयाकडे पाहून कैसर कोण हे सांगणे इतके सोपे नव्हते. १८५३ च्या तहाने निजामाने आपल्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. वसुली इंग्रज करीत, नाणे राणीचे, न्याय इंग्रज डेप्युटी कमिशनरचा, परंतु कायद्याने मुलूख निजामाचा. १९०२ साली वार्षिक २५ लक्ष रुपये खंड ठरवून तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांनी घेतला. तरी मालकीचा मान निजामाकडेच राहिला, आणि १९३६ पासून त्याच्या वडील मुलास ‘वऱ्हाडचा राजपुत्र’ अशी पदवी मिळाली. म्हणजे अकोल्याच्या शेतकऱ्याने सारा भरावयाचा तो कैसर-इ-हिंदाच्या तिजोरीत, आणि तो राहावयाचा निजामाच्या मुलखात. यहुदी लोकांपुढे जो पेच होता, हेरोदाचे वंशज एकीकडे व कैसर दुसरीकडे, त्याची कल्पना जुन्या वऱ्हाड्यास पुस्तकाविना होती.

१९३० साली कराचा प्रश्न आमच्या मुलखात अगदी मार्काच्या बाराव्या अध्यायाप्रमाणे उभा राहिला. वऱ्हाडास समुद्र नाही. परंतु पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणीच खारे. अकोला जिल्ह्यातील दहिहांडा येथे अशा पाण्यापासून मीठ तयार करून मिठाचा कायदा मोडण्यात आला. त्या वेळी ख्रिस्ती मंडळ्यांतून दोन्ही बाजूंनी शास्त्र सांगता येत होते: एकाने रोम. १३ काढावे, दुसऱ्याने विचारावे की देवाने विहिरीत घातलेल्या क्षारावर कोणत्या कैसराचा चेहरा आहे. आमच्या मते दुसऱ्याचा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नव्हता.

कैसर-इ-हिंद या नावाचे एक पदकही होते. १९०० साली ते सुरू झाले आणि लोकसेवेकरिता हिंदी व युरोपियन, स्त्री व पुरुष, सर्वांस मिळत असे. महात्मा गांधींस ते १९१५ साली मिळाले, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी ते व्हाइसरॉयाकडे परत पाठविले. पंडिता रमाबाईंस ते १९१९ साली मिळाले व त्यांनी ठेविले. यावरून गांधी निर्भय व रमाबाई सरकारच्या मिंध्या, असा निकाल कोणी काढील तर तो अन्यायाचा होईल. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची जी दुर्दशा झाली तिच्याविषयी याच रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिले, आणि त्यावरून विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न निघाले. मुक्तिसदनातील मुलींचे संगोपन आणि मूळ भाषांवरून शास्त्राचे मराठी भाषांतर, हे त्यांचे जन्माचे काम. पदकासाठी त्यांनी ते केले नव्हते, आणि पदक आल्याने बोलण्याचे तोंड बंद करून घेतले नव्हते. एकाने कैसराचे कैसरास अक्षरशः परत केले; दुसरीने त्यास सत्य सांगण्याचे ऋण आधीच फेडून टाकले होते. दोन्ही उदाहरणे आपल्या तरुणांस सांगावी.

मात्र त्या काळी पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्त व कैसर यांची नावे एकाच दमात घेतली, उपासनेत बादशहाकरिता प्रार्थना होत, आणि त्यामुळे ‘साहेबाच्या धर्मात गेला’ हा टोमणा आपल्या वाडवडिलांस ऐकावा लागला. त्या टोमण्यास उत्तर देताना रागावण्यापेक्षा माहिती द्यावी. नागपुरात हिस्लॉप साहेब शुभवर्तमान घेऊन आले ते १८४५ साली, कैसर-इ-हिंद हे नाव जन्मण्याच्या तीस वर्षे आधी. आणि अकोला-अमरावतीकडे काम करणाऱ्या अलायन्स मिशनचे कितीतरी मिशनरी अमेरिकेहून आले होते, जेथे कोणी कैसरच नव्हता.

१९१४ च्या युद्धाने या नावाचा दिमाख उतरविला. जर्मनीचा कायझर एका बाजूस, आणि रशियाचा झार व कैसर-इ-हिंद पंचम जॉर्ज दुसऱ्या बाजूस: तीन कैसर एकमेकांशी लढले अथवा एकमेकांसाठी लढले. पैकी कायझर हा जॉर्जचा आतेभाऊ आणि झार हा मावसभाऊ. मार्च १९१७ मध्ये झाराने राज्य सोडले, नोव्हेंबर १९१८ मध्ये कायझराने. बल्गारियात एक झार उरला होता, त्याचे सिंहासन १९४६ साली गेले. राहिला हिंदुस्थानचा कैसर. देश स्वतंत्र झाल्यावर २२ जून १९४८ रोजी सहाव्या जॉर्जने तीही पदवी सोडली. यूल्य कैसराच्या घराण्याचे नाव राज्यकर्त्याच्या मस्तकावरून शेवटी उतरले ते आपल्या देशाच्या नात्याने. आज अरुणाचल प्रदेशाच्या बाजूस हिरव्या पंखांचे एक फुलपाखरू ‘कैसर-इ-हिंद’ म्हणून ओळखले जाते. इतका मोठा किताब इतक्या हलक्या जिवाकडे गेल्याचे पाहून आम्हास गंमत वाटते.

१९५० पासून आपल्या नाण्यावर अशोकाचे सिंह आहेत, कोणा जिवंत मनुष्याचा चेहरा नाही. मग आता कैसर कोण, असा प्रश्न वर्गात हटकून येतो. राज्यघटनेने सत्ता लोकांची आहे असे ठरविले. ती घटना करणाऱ्या सभेत आपल्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख बसले होते. म्हणून कैसराचे देणे आता केवळ घरपट्टी-पाणीपट्टी नव्हे. ग्रामसभेस जाणे, रोजगार हमीच्या हजेरीपटात खोटी नावे असल्यास ती सांगणे, मत विकत न देणे, हेही त्यात येते. प्रभूच्या काळच्या गालीली शेतकऱ्यास हे देणे नव्हते, कारण त्यास कोणी विचारीत नव्हते.

आता त्या चौथ्या अर्थाकडे वळू, जो आमच्या बायामाणसांच्या तोंडी रोज आहे. ‘सुनेचं सीझर झालं’ हे वाक्य ज्या घरात ऐकू आले नाही असे घर आता विरळा. पोट कापून मूल काढण्याच्या क्रियेस हे नाव पडले ते वर सांगितलेल्या दंतकथेवरून, आणि दुसऱ्या एका जुन्या रोमन कायद्यामुळे. त्या कायद्याप्रमाणे गरोदर स्त्री वारल्यास मूल बाहेर काढल्याविना तिला पुरीत नसत. यूल्य कैसर स्वतः असा जन्मला हे संभवत नाही. त्या काळी ही क्रिया मेलेल्या किंवा मरणाऱ्या स्त्रीवरच करीत, आणि त्याची आई औरेलिया तर मुलगा मोठा सेनापती होईपर्यंत, ख्रिस्तपूर्व ५४ पर्यंत, जिवंत होती. पुढे अनेक शतके या क्रियेने आई बहुधा दगावे. १८८२ साली जर्मनीतील सेंगर नावाच्या डॉक्टराने गर्भाशयास नीट टाके घालण्याची रीत प्रसिद्ध केली, तेव्हापासून आई वाचू लागली.

अमरावतीच्या सरकारी स्त्री रुग्णालयास लोक ‘डफरीन’ म्हणतात आणि अकोल्याच्या रुग्णालयास ‘लेडी हार्डिंग’. दोन्ही नावे व्हाइसरॉयांच्या पत्नींची. लेडी डफरीन यांनी १८८५ साली हिंदी स्त्रियांस स्त्री-डॉक्टर मिळावे म्हणून फंड काढला, व तो काढण्याची प्रेरणा व्हिक्टोरिया राणीची होती. त्या रुग्णालयांच्या पायऱ्यांवर रात्री बसून असणाऱ्या सासवांस कैसर-इ-हिंद ठाऊक नसते, पण ‘सीझर’ ठाऊक असते आणि त्याचे भय असते.

या भयाबरोबर आमच्या मंडळ्यांत एक चुकीचे शिक्षण शिरत आहे. ज्या बाईचे सीझर झाले तिचा विश्वास कमी पडला, प्रार्थना नीट झाली असती तर वेदनेने का होईना पण आपोआप मोकळी झाली असती, असे काही लोक बोलतात, आणि त्यास उत्पत्ति ३:१६ चा आधार देतात. त्या वचनात वेदनांचे दुःख सांगितले आहे. वेदना हे पुण्य आहे असे कोठेही सांगितलेले नाही. राहेलीचे काय झाले ते उत्पत्ति ३५:१६–१९ येथे वाचावे. सुईणीने धीर दिला, मूल जन्मले, आई एफ्राथाच्या वाटेवर गेली, आणि याकोबाने तिच्या कबरेवर स्तंभ उभारला. याकोबाचा विश्वास उणा होता असे कोण म्हणेल? मेळघाटातून किंवा दर्यापुराकडच्या एखाद्या आडगावातून बाई अडल्याची खबर आली तर उपदेशकाने प्रार्थना करावी, आणि प्रार्थना संपण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकास फोनही लावावा. गरज नसता कापणे हेही योग्य नव्हे, व त्याविषयी डॉक्टरीणबाईस नम्रपणे विचारण्याचा हक्क घरच्यांस आहे. परंतु टाके असलेली बाई मंडळीत आभारप्रदर्शनास आली असता तिच्याकडे वाकड्या नजरेने पाहू नये, आणि बायबलबाईने आधी तिच्या घरी जाऊन यावे.

सर्वांत शेवटी फिलिप्पैकरांस पत्राचा बाविसावा श्लोक वाचावा. सर्व पत्रांत हे नाव एवढ्या एकाच ठिकाणी आले आहे. पौल बंदीत असून फिलिप्पैच्या मंडळीस इतरांचे सलाम कळवितो आणि त्यांत कैसराच्या घरच्यांचे सलाम विशेषेकरून सांगतो. हे घरचे म्हणजे राजपुत्र नव्हत. कैसराचे घर म्हणजे हजारो दास व मुक्त केलेले दास: आचारी, हिशेबनीस, पाणक्ये, पत्रे नेणारे, मुले सांभाळणाऱ्या दाया. त्यांच्यातील काहींनी ख्रिस्तास प्रभू मानले होते आणि तरी ते सकाळी उठून त्याच घरी कामास जात होते. त्यांची नावे पौलाने लिहिली नाहीत. वर्गातील जी भावंडे दुसऱ्याच्या वाड्यात, जिनिंगमध्ये किंवा कचेरीत राबतात, त्यांच्यापैकी कोणाकडून तरी हा श्लोक मोठ्याने वाचून घ्यावा.